पोरगं शिकलं, पण शहाणं झालं का?

आलेलं पत्र, थोडं कापून:

"बाई, सादर नमस्कार. आमचं घर गोव्यात, डिचोलीजवळ. यजमानांचे दोन ट्रक खाणीवर होते. २०१२ ला खाणी बंद पडल्या, मधे थोडं चाललं, २०१८ ला परत बंद. एक ट्रक विकला, दुसऱ्यावर चिरे आणि रेती ओढून मुलाला शिकवलं. तो आता विद्यापीठात एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहतो. आमच्या घराण्यात एवढा शिकलेला तोच पहिला.

यंदा चवथीला घरी आला. माटोळी (गणपतीवरचा फळापानांचा मांडव) बांधताना दीर म्हणाले, धाकट्याच्या सरकारी नोकरीसाठी कुणाला तरी 'द्यावे' लागतील. हा उसळला. काकांना तोंडावर भ्रष्ट म्हणाला. मग वडिलांकडे वळून, 'तुमच्या ट्रकांनी लोकांच्या शेतांत माती घातली. त्या पैशावर मी वाढलो, याची मला लाज वाटते.' यजमान हातातली दोरी टाकून बाहेर गेले. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत.

त्याचा जुना फोन माझ्याकडे असतो, त्यावर त्याचे मेसेज येतात. पंधरा दिवसांनी त्यात वाचलं की प्रबंधाची दोन प्रकरणं त्याने कुणा सीनियरच्या प्रबंधातून उचलली आहेत आणि 'टक्के कमी करून' द्यायला कुणाला तरी २५०० रुपये दिले आहेत. विचारलं तर म्हणाला, 'आई, सगळे असंच करतात. कोण वाचतो?'

बाई, आम्ही त्याच्यासाठी काय नाही केलं? पहिल्या वर्षी हजेरी कमी पडली, तेव्हा वर्ष फुकट जाऊ नये म्हणून ओळखीच्या डॉक्टरांकडून सर्टिफिकेट मीच आणून दिलं. आणि हा आम्हाला नीती शिकवतो. विद्यापीठात हेच शिकवतात का? — एक आई"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना डॉक्टरांच्या वाक्यापाशी अडखळले. तिथे मागाहून येते.

विद्यापीठात हेच शिकवतात का? हो, शिकवतात. माटोळीखालचं भाषण त्याला तिथेच मिळालं आणि अडीच हजारांचा व्यवहारही तो तिथेच शिकला. भाषणाला मार्क मिळतात, व्यवहाराकडे कानाडोळा होतो, एवढाच काय तो फरक. एकतीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं, त्यामुळे हे दुरून बघून सांगत नाही. त्या कानाडोळ्यात माझाही वाटा आहे.

आधी भाषणाचं बघू, कारण तुम्हाला ते जास्त लागलंय.

डिचोली-साखळीच्या रस्त्यावर ट्रकांची रांग लागायची ते दिवस मला आठवतात. मार्चमध्ये आंब्याच्या मोहरावर तांबडा थर बसायचा. खिडक्या लावून घेतल्या तरी संध्याकाळी टेबलावर बोटाने नाव लिहिता यायचं. पावसात डंपावरची, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ ढिगावरची माती ओहळात आणि ओहळातून खाजनात (खाडीकाठच्या शेतांत), मळ्यांत. तुमचा मुलगा त्याच धुळीत वाढला, पण लहानपणी त्याला ती नुसती धूळ वाटत असणार, जशी पावसाळ्यातली ओल, तशी उन्हाळ्यातली धूळ. कुणीतरी शिक्षकाने, नाहीतर हॉस्टेलच्या खोलीतल्या एखाद्या मित्राने, ज्याच्या आजोबांचं शेत मातीखाली गेलं असेल, त्याला ती धूळ दुसऱ्या बाजूने दाखवली. हे शिक्षणाचंच काम. वीस वर्षं डोळ्यांसमोर असलेली गोष्ट एक दिवस दिसते.

अमेरिकेत जेम्स रेस्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एक चाचणी तयार केली. त्यात पेच दिलेले असतात. बायको मरणाला टेकलीय, औषध परवडत नाही, नवऱ्याने ते चोरावं का? उत्तर हो की नाही, याला फारसं महत्त्व नाही. ठरवताना तुम्ही कशाला वजन देता, ते बघतात: शेजारी काय म्हणतील याला, कायद्याला, की त्याच्याही मुळाशी असलेल्या न्यायाच्या कल्पनेला. ही चाचणी हजारोंनी दिली आणि एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली. माणूस जितकी वर्षं औपचारिक शिक्षणात काढतो, तितका त्याचा विचार 'लोक काय म्हणतील'च्या पुढे जातो. नुसत्या वयाने तेवढं होत नाही. तेव्हा तुमच्या मुलाचं डोकं बिघडलेलं नाही. ज्यासाठी तुम्ही ट्रक विकलात, त्यातलं थोडं तरी पदरात पडलंय.

पण याच रेस्टने पुढे सांगितलं की नीतीने वागायला चार गोष्टी लागतात. इथे काही चुकतंय हे दिसावं लागतं. बरोबर काय ते ठरवता यावं लागतं. ते करावंसं वाटावं लागतं. आणि वाटलेलं शेवटपर्यंत रेटायचा चिवटपणा लागतो. विद्यापीठ पहिल्या दोन गोष्टी बऱ्यापैकी शिकवतं. उरलेल्या दोन कुठल्या पेपरात बसवायच्या, हे अजून कुणाला जमलेलं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली 'मूल्यप्रवाह' नावाची मार्गदर्शिका काढली, २०२० च्या नव्या धोरणानंतर कॉलेजात व्हॅल्यू ॲडेड कोर्स आले. त्यांचीही आयएसए, म्हणजे अंतर्गत परीक्षा होते, त्यांच्याही नोट्स झेरॉक्सवाल्याकडे मिळतात. पुढचं मी बोलत नाही.

आता वडिलांना तो जे बोलला ते. शेतांबद्दल तो बरोबर आहे, वडिलांबद्दल चुकला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ लीज रद्द ठरवल्या. त्या ज्यांच्या नावावर होत्या त्यांत तुमच्या यजमानांचं नाव नव्हतं. त्यांच्या नावावर होता बँकेचा हप्ता. खनिज कुठून काढायचं, किती काढायचं, डंप कुठे टाकायचा, यातलं काहीच ट्रकवाल्याला कुणी विचारलं नाही. दिवसाच्या खेपा मोजायच्या आणि डिझेल वजा जाता काय उरतं ते बघायचं. म्हणून ट्रकवाल्याची काहीच जबाबदारी नाही असं नाही. ताडपत्री न बांधता भरधाव जाणारे ट्रक मी पाहिलेत. पण एका मोठ्या चुकीत कुणाचा वाटा किती, हे मोजता न येणं म्हणजे अर्धंच शिक्षण. पोरगं 'खाण' हा विषय शिकलं. खाणीवर पोट असलेला माणूस त्या विषयात त्याला कुणी दाखवला नाही आणि घरी दिसत होता तो त्याने पाहिला नाही.

काकांच्या बाबतीत मात्र मी त्याच्या बाजूने आहे. नोकरीच्या नावाने पैसे घेतल्याची किती प्रकरणं २०२४ साली गोव्यात उघड झाली, ते आपण सगळ्यांनी वाचलंय. तिथे तो बोलला ते योग्य बोलला. माटोळी बांधून होईपर्यंत दम धरला असता तर बरं, एवढंच.

आता प्रबंध.

'टक्के कमी करून' म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं, कारण तुमच्या मुलाने ते सांगितलं नसणार. आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. प्रबंध सॉफ्टवेअरमधून काढायचा, ते दुसऱ्यांच्या लिखाणाशी किती जुळतो ते सांगतं. १० टक्क्यांपर्यंत जुळला तर दंड नाही. १० ते ४० आलं तर सहा महिन्यांत सुधारून द्यायचं. ४० ते ६० असेल तर वर्षभर सादर करायला मनाई. ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. योगायोगाने जुळणारे सलग चौदा शब्दांपर्यंतचे तुकडे धरायचे नाहीत, इतका बारकावा त्यात आहे.

नियम हवेच होते. पण पोरांनी त्यांतून काय उचललं बघा. 'दुसऱ्याचं आपलं म्हणून देऊ नये' याचं झालं 'दहाच्या आत आणावं'. मग दहाच्या आत आणून देणारी माणसं बसली. ती शब्दांच्या जागी शब्द घालतात, विचार होता तिथेच राहतो. माझ्याकडे शेतीविषयक कवितांवर एक प्रकल्प आला होता. त्यात पानोपानी 'श्याम माता' यायची. मला कळेना, ही कुठली देवी? तिसऱ्या पानावर उजेड पडला: मूळ शब्द 'काळी आई' होता. आपल्या जमिनीला आपण आई म्हणतो, तिचं असं बारसं करून दहा टक्क्यांच्या आत आणली होती.

मी हसले आणि तो प्रकल्प परत केला. आता दुसरी गोष्ट ऐका, ती हसण्यासारखी नाही.

एका मार्च महिन्यात माझ्या टेबलावर बेचाळीस प्रकल्प होते आणि सोमवारी मार्क द्यायचे होते. शनिवारी मी ते 'तपासले'. म्हणजे मुखपृष्ठ बघितलं, अनुक्रमणिका बघितली, जाडी हाताने तोलली आणि मार्क टाकले. पुढे जूनमध्ये लायब्ररीतली कपाटं आवरताना त्यातलाच एक हातात आला. काणकोणच्या मुलीचा. सहज ऋणनिर्देश वाचला. 'कोल्हापूरच्या कडाक्याच्या थंडीत पहाटे उठवून मला लिहायला बसवणाऱ्या माझ्या आईचे आभार.' काणकोणची मुलगी, आई कोल्हापूरच्या थंडीतली! ऋणनिर्देशसुद्धा उचललेला. त्यावर माझ्याच अक्षरात वीसपैकी अठरा.

त्या मुलीला मी बोलावलं नाही. बोलावलं असतं तर तिने विचारलं असतं, 'बाई, मार्चमध्ये तुम्ही काय वाचलंत?' आता ती कुठेतरी शिक्षिका आहे, असं ऐकते. तीन वर्षं मी तिला संतकविता शिकवली. पण माझ्याकडून तिला नेमकं काय मिळालं असेल, याचा विचार आला की अजून अवघडल्यासारखं होतं. तुमचा मुलगा म्हणतो 'कोण वाचतो?' तेव्हा तो खोटं बोलत नाही, हे तुम्ही समजून घ्या. तो जे पाहतोय ते सांगतोय.

'सगळे असंच करतात' यातही तथ्य आहे. डोनाल्ड मॅककेब आणि लिंडा ट्रेव्हिनो यांनी अमेरिकेतल्या ३१ कॉलेजांतल्या सहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांना कॉपीबद्दल विचारलं होतं. त्यांचं काम १९९३ साली छापून आलं. शिक्षेची भीती, नियम, पकडले जाण्याची शक्यता, सगळं तपासलं. सर्वांत जास्त फरक पडत होता तो एका गोष्टीने: बरोबरची मुलं काय करतात असं विद्यार्थ्याला वाटतं. हॉस्टेलच्या एका मजल्यावर दहा जणांनी प्रकरणं विकत घेतली असतील, तर अकराव्याला आपण स्वतः लिहिणं मूर्खपणाचं वाटतं. तो वाईट मुलगा असायला लागत नाही. पण तो 'सगळे' म्हणतो त्यातल्या नावानिशी किती मोजू शकेल, ते विचारा. सहसा चार-पाचच्या पुढे गाडी जात नाही. त्याच मजल्यावर रात्री दोनपर्यंत बसून लिहिणाराही कुणी असतो, पण तो त्याची बढाई मारत नाही, म्हणून मोजणीत येत नाही.

एक प्रयोग तुमच्या मुलाला जरूर सांगा, त्याला असलं आवडेल. अमेरिकेत प्रिन्स्टनला धर्मशास्त्राच्या विद्यालयात पाद्री व्हायला शिकणारे चाळीस विद्यार्थी. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांनी त्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायला सांगितलं. त्यातल्या निम्म्यांचा विषय होता भल्या शोमरोन्याची गोष्ट, ती बायबलातली, वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या परक्या माणसाची. आपल्याकडे शेजारच्या ख्रिस्ती घरातलं पोरही ती सांगेल. वाटेत दारापाशी एक माणूस खोकत, कण्हत पडलेला ठेवला होता. कुणाला सांगितलं होतं 'वेळ आहे', कुणाला 'आत्ता निघा', कुणाला 'उशीर झालाय, धावा'. वेळ होता त्यांतले ६३ टक्के मदतीला थांबले. धावणाऱ्यांतले फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. काही जण तर भल्या शोमरोन्यावर बोलायला जाताना त्या कण्हणाऱ्याला ओलांडून गेले. १९७३ साली हे छापून आलं, आणि मी ते वाचलं तेव्हा मला तो शनिवार आणि ते बेचाळीस प्रकल्प आठवले.

म्हणून त्याला पहिला प्रश्न 'तू चोर आहेस का' असा घालू नका. विचारा, 'कुठे अडलास? केव्हापासून मागे पडलास?' माझा अंदाज असा की त्या दोन प्रकरणांसाठी लोकांकडे जाऊन बोलायचं होतं, माहिती गोळा करायची होती, ते पावसाळ्यात राहून गेलं आणि मग तारीख अंगावर आली.

सांखवाळच्या धर्मानंद कोसंबींचं नाव त्याने ऐकलेलं असेल. थोरांच्या गोष्टी सांगून पोरं सुधारतात यावर माझा विश्वास नाही, तरी ही सांगते, कारण ती पुस्तकावरच्या नावाबद्दलच आहे. कोसंबींकडे पदवी नव्हती. १८९९ मध्ये बुद्धाचा धर्म शिकायचा म्हणून घर सोडलं. पुणे, काशी, सिंहल करत पाली शिकले आणि कलकत्ता विद्यापीठात शिकवू लागले. तिथली बऱ्या पगाराची नोकरी सोडून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे महिना ५० रुपये पत्करले, कारण महाराष्ट्रात राहून लिहिता येणार होतं. १९१० साली हार्वर्डला बोलावणं आलं, एका पाली ग्रंथाची संपादित प्रत तयार करायला. काम केलं. मग श्रेय कुणाचं यावरून तिथल्या प्राध्यापकाशी बिनसलं आणि कोसंबी परत आले. तो ग्रंथ छापून निघाला १९५० मध्ये, कोसंबी जाऊन तीन वर्षं झाल्यावर. जगातल्या मोठ्या विद्यापीठातसुद्धा, ज्याने काम केलं त्याचं नाव कुठे आणि किती मोठ्या अक्षरात, हा भांडणाचा विषय झाला. तुमच्या मुलाने ज्या सीनियरची प्रकरणं घेतली, तोही कुठेतरी रात्री जागला असेल. की त्यानेही ती आणखी कुणाची उचलली होती? हे त्याला विचारा, रागावून नव्हे. मलाही उत्तर ऐकायला आवडेल.

आता डॉक्टरांचं सर्टिफिकेट.

ताई, तुम्ही ते आपल्या त्यागाच्या यादीत लिहिलंय. ७५ टक्के हजेरी भरत नव्हती, पोरगं आजारी नव्हतं, आणि तुम्ही त्याला कागदावर आजारी केलंत. मायेपोटी केलंत, मी हजारदा समजू शकते. माझ्यासमोर अशा आया दर एप्रिलला येऊन बसायच्या आणि त्यांचे कागद मीही फाइलला लावले आहेत. पण वर्गात पाय ठेवून वर्ष झालं नव्हतं, तेव्हाच त्याला कळलं की अडलं की कागद मिळतो, ओळख असावी लागते, आणि घरचे याला चूक मानत नाहीत. अडीच हजार देताना त्याच्या मनात तो कागद होताच असं मी म्हणत नाही. पण तुम्ही त्याला जाब विचारायला जाल, तेव्हा तो कागद तुमच्या दोघांच्या मधे पडलेला असेल. त्याने तो काढण्याआधी तुम्हीच काढा. 'मी तेव्हा चुकले' एवढं पुरे. मोठं भाषण नको. घरात भाषणं पुष्कळ झालीत.

आणि तो जुना फोन त्याला देऊन टाका. तुम्ही मेसेज वाचलेत हेही सांगा. कठीण आहे, पण त्याशिवाय बोलणं सरळ होणार नाही.

यजमान आणि मुलगा यांच्यात तुम्ही मध्यस्थी करू नका. एक मात्र करता येईल. पुढच्या सुट्टीत त्याला एक दिवस ट्रकवर वडिलांबरोबर पाठवा. चिऱ्याच्या खाणीवर पहाटे पाचला नंबर लावायचा, क्लीनर आला नाही तर स्वतः दगड चढवायचे, वाटेत पावती दाखवायची. बोलले नाहीत तरी चालेल. केबिनमध्ये दोन माणसांना दहा तास गप्प बसता येत नाही, डिझेलच्या भावावर तरी तोंड उघडतंच. लाज वाटते म्हणाला त्याची माफी मागायची की नाही, ते त्याचं त्याला कळेल. शेतांबद्दलचं मत मात्र त्याने बदलायला नको, आणि यजमानांनीही ते एकदा शांतपणे ऐकून घ्यावं. ताडपत्रीचं काय ते त्यांनाही माहीत आहे.

प्रबंध सादर करायला किती दिवस उरलेत, ते तुम्ही लिहिलेलं नाही. महिनाभर असेल तर वेळ भरपूर आहे: ती दोन प्रकरणं काढून टाकायची आणि जेवढं स्वतःचं आहे तेवढ्यावर बारकं का होईना, एक प्रकरण लिहायचं. सीनियरचं जे लागेल ते त्याच्या नावासकट अवतरणात घ्यायचं; तसं घेतलेलं चोरीत धरत नाहीत. प्रबंध पन्नास पानांऐवजी पस्तीस पानांचा झाला आणि मार्क कमी पडले तर पडू देत. आठच दिवस असतील तर मार्गदर्शकांना भेटून मुदत मागायची. कारण खरं लिहायचं: काम वेळेत झालं नाही. अर्ज त्याने स्वतः लिहायचा आणि स्वतः नेऊन द्यायचा. तुम्ही बरोबर जायचं नाही. आणि या खेपेला डॉक्टरांचा कागद नको.